कॅप्टन जॅकला खुलासा द्यावा लागत नाही

विज्ञानमालिकांत समलिंगी पात्र असलंच तर बहुधा पाहुण्यासारखं यायचं, एका भागापुरतं. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’मध्ये 2005 साली कॅप्टन जॅक हार्कनेस आला आणि पुढच्याच वर्षी ‘टॉर्चवुड’ ही मालिका त्याच्याभोवती उभी राहिली. लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी त्याला एक्कावन्नाव्या शतकातला केलं. त्याला स्त्रियाही आवडतात, पुरुषही. ‘डॉक्टर हू’च्या 2005 च्या पर्वाच्या अखेरच्या भागात मरणाच्या तोंडी जाताना तो आधी सहप्रवासी रोझचं चुंबन घेतो, मग मालिकेचा नायक डॉक्टरचं, आणि लढायला निघतो. खुलासा नाही, रडारड नाही. समलैंगिकतेच्या ‘प्रचारा’ला मनाई करणारं कलम 28 इंग्लंड-वेल्समधून रद्द होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती!

भविष्यातला माणूस म्हणून हे खपलं, असं कुणी म्हणेल. ते निम्मंच खरं. ‘टॉर्चवुड’मधला जॅकचा प्रियकर यांटो जोन्स आजच्या कार्डिफमधला, सुटाबुटात सगळ्यांना कॉफी करून देणारा तरुण. बहिणीने विचारल्यावर तो चाचरतो, शब्द शोधतो. भविष्याची सबब त्याला नाहीच. त्याहून रास्त आक्षेप वेगळा आहे: 2009 मध्ये लेखकांनी यांटोला मारलं. समलिंगी प्रेमाचा शेवट मरणातच करण्याची टीव्हीची जुनी खोड इथेही सुटली नाही, आणि माझ्या मते या निर्णयाचं समर्थन अवघड आहे. प्रेक्षकांनी मात्र त्याला सोडलं नाही. कार्डिफच्या खाडीकाठी एका भिंतीवर त्यांनी चिठ्ठ्या, फुलं, फोटो लावून या काल्पनिक माणसाचं स्मारक उभारलं.