वस्तीतले बाळ आणि आपला दवाखाना

वजन न वाढणारे बाळ घेऊन एक तरुण आई येळ्ळूरच्या माझ्या दवाखान्यात तिसऱ्यांदा आली होती. माहेर येथले; संसार मात्र बेळगावच्या एका वस्तीत, भाड्याच्या खोलीत. मी पुन्हा आहार समजावू लागलो, तेव्हा ती म्हणाली, "ते सगळं कळतंय हो डॉक्टर, पण मी कामाला गेल्यावर ह्याला बघायला कोण हाय?" माझ्या चिठ्ठीत यावर औषध नव्हते.

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली तेथे मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातील ती पहिली. परंतु रुग्णालयाशेजारीच धारावी. कक्षात जगवलेले मूल तेथील खोलीत परतल्यावर त्याचे काय, हा प्रश्न उरतोच. १९९९ साली त्यांनी 'स्नेहा' ही संस्था स्थापन केली. माता-बालकांचे आरोग्य, पोषण आणि स्त्रियांवरील हिंसा हे विषय तिने एकत्र हाताळले, हे मला विशेष वाटते. मार खाणाऱ्या आईला स्तनपानाचे महत्त्व सांगून काय उपयोग?

या संस्थेच्या कामातील एक अपयश आपण डॉक्टरांनी अवश्य अभ्यासावे. २००६ ते २००९ या काळात मुंबईच्या ४८ वस्त्यांपैकी २४ वस्त्यांत महिलांचे गट चालवले गेले. गर्भारपण व नवजात बाळाची काळजी यांवर चर्चा होई, उपाय ठरत. १८,१९७ जन्मांची नोंद तपासली असता स्तनपान, तपासण्या वा बालमृत्यू यांत सुधारणा आढळली नाही. संशोधकांनी ते २०१२ मध्ये प्रामाणिकपणे प्रसिद्ध केले. याउलट झारखंड-ओडिशातील खेड्यांत अशाच गटांमुळे नवजात मृत्युदर ३२ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले होते.

हा फरक का पडावा? शहरात बहुतेक बाळंतपणे आधीच रुग्णालयात होत होती, हे एक कारण. माझ्या मते दुसरे असे, की खेड्यात बैठक उठली तरी भावकी आणि शेजार उरतो. भाडेकरूंच्या वस्तीत तो आपोआप नसतो, जुळवावा लागतो. आणि ज्या बाईला सर्वाधिक गरज, तिलाच बैठकीला सवड नसते. तिच्या दारापर्यंत कोणीतरी जावे लागते.

अंगणवाडीतून तीन वर्षांखालील मुलाला शिधा मिळतो, दिवसभराचा सांभाळ नव्हे. कर्नाटकात २०२३ मध्ये 'कूसिन मने' पाळणाघरे आली, तीही ग्रामपंचायतींसाठी. शहरातील वस्ती मधल्या मध्ये राहते.

आता मी वजनाबरोबर घरी कोण असते, हेही टिपतो. अंगावर वळ दिसले तर एकटीला विचारतो; २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार मदत मागणाऱ्या स्त्रीला उपचार देणे वैद्यकीय केंद्रावर बंधनकारकच आहे.

ती आई पुढे आली तेव्हा सोबत शेजारची मावशी होती. दिवसभर बाळ तिच्याकडेच असते. म्हणून पेज किती दाट हवी, हे त्या दिवशी मी मावशीला समजावले.