कापूस राखाडी का दिसला?

पहिल्या वेच्याचा कापूस घरात येऊन पडला होता. पुढच्या खोलीत छताला टेकेल एवढी गंजी, तिच्यावर लोळणारी दोन पोरं, मागे उघडं दार आणि दारात उभी आजी. यवतमाळ जिल्ह्यात, कळंब तालुक्यातल्या माझ्या भाच्याने हे सगळं नव्याकोऱ्या हँडीकॅमवर टिपलं आणि रात्री टीव्हीला वायर जोडून घरादाराला दाखवलं. आजीने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि विचारलं, ‘‘कापूस असा मयला काहून दिसून राह्यला? भिजला होता का?’’

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. ‘‘मामा, कॅमेऱ्यात फॉल्ट आहे. परत करू का?’’

कॅमेरा ठणठणीत होता. कॅमेऱ्याला कापूस ठाऊक नसतो, म्हैसही ठाऊक नसते. भिंगातून आत आलेला उजेड मोजणं एवढंच त्याला जमतं. त्यातला किती घ्यायचा हे ठरवताना तो एक ढोबळ अंदाज धरून चालतो, की समोरचं उजळ-काळं सगळं एकत्र कालवलं तर मध्यम राखाडी रंग येईल, पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारा. अंगण, झाडं, माणसं अशा सरमिसळ दृश्यात हा अंदाज छान जमतो. पण चौकटभर कापूसच असेल, ९० टक्क्यांच्या आसपास उजेड परतवणारा, तर कॅमेरा म्हणतो ‘फार झालं’ आणि झडप आवळतो. पांढरं सोनं सिमेंटच्या रंगाचं होतं. उलट गोठ्यातली काळी म्हैस चौकटभर घ्या, ती राखेत लोळून आल्यासारखी फिकट दिसेल.

यावर उपाय आहे आणि तो गमतीचा आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेन्यूत ‘स्नो’ म्हणजे बर्फ असा एक पर्याय असतो. तो निवडला की कॅमेरा मुद्दाम जास्त उजेड आत घेतो. ‘कापूस’ नावाचा पर्याय अजून कुणी दिलेला नाही, तेव्हा यवतमाळकरांनी बर्फावरच भागवायचं. नाहीतर एक्स्पोजरचा काटा हाताने एक-दीड घर वर न्यायचा. तशी सोय कॅमेऱ्यात आहे की नाही, हे घेतानाच पाहायचं. खोक्यावर ती ठळक अक्षरांत कधीच छापलेली नसते.

खोक्यावर असतं ते वेगळंच. ‘४के’, ‘४८ मेगापिक्सेल’, ‘१६ एक्स झूम’. यातला मधला आकडा तर निव्वळ फुगा आहे. फुल एचडी चित्र म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, एकूण जेमतेम २१ लाख. ४के चित्रालाही ८३ लाख ठिपके पुरतात. मग ४८ मेगापिक्सेल, म्हणजे चार कोटी ऐंशी लाख ठिपके, व्हिडिओत जातात कुठे? कुठेच नाही. आठ-दहा हजारांत ऑनलाइन मिळणाऱ्या अनेक निनावी कॅमेऱ्यांत ते मुळात नसतातच, थोड्या ठिपक्यांमधल्या जागा हिशेबाने भरून आकडा फुगवलेला असतो.

खरा प्रश्न त्या ठिपक्यांना बसायला जागा किती, हा. सेन्सर म्हणजे पावसात मांडून ठेवलेली लाखो भांडी समजा. पाऊस उजेडाचा. प्रत्येक भांड्यात किती पडला ते मोजून चित्र तयार होतं. अंगण तेवढंच ठेवून भांड्यांची संख्या वाढवली तर प्रत्येक भांडं वाटीएवढं होतं. धो-धो पावसात वाटीही भरते, पण रिमझिमीत तिच्यात चार थेंब येतात आणि ते मोजण्यात चूक होते. रात्रीच्या चित्रात मुंग्या वळवळल्यासारखे जे दाणे दिसतात, ती हीच चूक. मे महिन्यातल्या भर दुपारच्या उन्हात एक लाख लक्सच्या घरात उजेड असतो आणि ट्यूबलाइटच्या खोलीत शंभर-दीडशे. हा जवळपास हजारपटीचा फरक आपला डोळा निमूट पचवतो, कॅमेऱ्याला तो सोसावा लागतो. दुकानात मात्र छतभर दिवे लावलेले असतात, तिथे सगळेच कॅमेरे गोजिरे दिसतात. म्हणून दुकानदाराला विनंती करून कॅमेरा टेबलाखाली, कपाटाच्या सावलीत रोखून पाहावा. तो हसेल. हसू द्यावं.

सेन्सरचं माप विचाराल तर ‘एक इंच’, ‘एक बटा अडीच इंच’ अशी उत्तरं येतील. या इंचांवर पट्टी लावून विश्वास ठेवू नका. एक इंची सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो, कर्ण सोळा मिलिमीटरचा. हे इंच जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या बाहेरच्या जाडीवरून आले. नळ्या गेल्या, माप मागे राहिलं. छेदातला आकडा जितका लहान तितका सेन्सर मोठा, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आमच्या पिढीने पाहिलेल्या लग्नाच्या कॅसेटींमध्ये हॅलोजनच्या दिव्यातून वर-खाली एक उभी पांढरी रेघ निघालेली असायची. ती सीसीडी या सेन्सरची खूण. विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सीसीडीची कल्पना मांडली आणि २००९ साली त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं. तिचं काम स्लॅब टाकायच्या दिवशी लागणाऱ्या घमेल्यांच्या साखळीसारखं चालतं. प्रत्येक ठिपक्यातला विद्युतभार शेजारच्याच्या हातात, त्याने पुढच्याच्या हातात, आणि मोजणी शेवटच्या टोकाला. एखादं घमेलं फार भरलं की सांडतं आणि वाटेतल्या सगळ्यांना भिजवतं. तीच ती उभी रेघ.

आताच्या सीमॉस सेन्सरमध्ये प्रत्येक ठिपक्याजवळच मोजणीची सोय असते, त्यामुळे सांडलवंड नाही. पण मोजणी ओळीओळीने, वरून खाली होते. वरची ओळ वाचून खालच्या ओळीपर्यंत येईतो समोरची एसटी पुढे सरकलेली असते, म्हणून चित्रात ती तिरकी कललेली दिसते. फोटोग्राफरचा फ्लॅश नेमका मधेच उडाला तर अर्धी चौकट लख्ख आणि अर्धी काळोखी. याला बिघाड म्हणून दुकानात भांडायला जाऊ नये.

आता अमेरिकेतून आलेल्या कॅमेऱ्याची गोष्ट. माझ्याच नात्यात एकाने न्यू जर्सीहून झकास हँडीकॅम आणला. बहिणीच्या लग्नात रात्रभर शूटिंग झालं. टीव्हीवर लावलं तर अख्खा मांडव धडधडत होता, नाडी उडावी तसा. नवस, दृष्ट, व्होल्टेज, सगळ्यांची नावं घेऊन झाली. कारण साधं होतं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, आणि साधी ट्यूब प्रत्येक आवर्तनात दोनदा उजळते, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची, म्हणून तिथला कॅमेरा सेकंदाला ६० चित्रं घेतो. आपल्या मांडवात त्याच्या एका चित्राच्या वाट्याला पावणेदोनाहून थोडे कमी उजाळे येतात. कुठल्या चित्राला जास्त, कुठल्याला कमी, आणि उजेड धडधडतो. शटर १/१०० सेकंदावर बांधून टाकलं की प्रत्येक चित्राला बरोबर एक उजाळा मिळतो आणि धडधड थांबते. मेन्यूत ५०-६० हर्ट्झ बदलायची सोय असेल तर मग काही प्रश्नच नाही. परदेशातल्या नातेवाइकाला सांगताना ‘स्वस्त मिळतो का बघ’ याच्या आधी हे विचारायला सांगावं.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर हळदीकडे वळू. हळदीचा व्हिडिओ फिकट, निळसर का येतो? दिव्याचा उजेड पिवळट असो की निळसर, पांढरं ते पांढरं दिसावं म्हणून कॅमेरा रंगांची सरासरी काढतो आणि कुठला रंग जास्त वाटला तर तो कमी करतो. नवरीचं अंग पिवळं, साडी पिवळी, मागचा झेंडूही पिवळा. कॅमेऱ्याला वाटतं, दिवाच पिवळा दिसतोय. मग तो इमानेइतबारे हळद धुऊन काढतो! म्हणून हळद लागण्याआधी त्याच उजेडात एक कोरा पांढरा कागद चौकटभर धरून ‘व्हाइट बॅलन्स’ पक्का करायचा. हा पर्याय ज्यात हाताने निवडता येत नसेल तो कॅमेरा घरच्या लग्नासाठी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अक्षतांनी तर भल्याभल्या कॅमेऱ्यांची भंबेरी उडते. डिजिटल कॅमेरा प्रत्येक चित्र पूर्ण साठवत बसत नाही. एक चित्र पूर्ण, आणि पुढच्या काही चित्रांत फक्त काय बदललं तेवढं, असा त्याचा काटकसरीचा कारभार. मंगलाष्टकं चालू असताना नवरा-नवरी उभे, अंतरपाट स्थिर, बदल फारसा नाही. मग ‘सावधान’ होतं आणि चौकटीत हजारो दाणे एकदम उडतात. प्रत्येक दाणा नवा, प्रत्येकाची जागा नवी. काटकसर कोलमडते आणि चेहऱ्यांवर चौकोनी ठोकळे उमटतात, तेही नेमके त्याच क्षणी! यासाठी सेकंदाला किती मेगाबिट नोंदवतो हे पाहायचं. फुल एचडीला २४ ते २८ मेगाबिट चांगले. आठ-दहाचा असेल तर अक्षता म्हणजे खिचडी. जुना मिनी-डीव्ही कॅमेरा या बाबतीत बाणेदार होता, २५ मेगाबिटमध्ये प्रत्येक चित्र स्वतंत्र साठवायचा.

मिनी-डीव्हीचं नाव निघालं की मी जरा हळवा होतो. १९९५ साली आलेल्या या पद्धतीने घरगुती शूटिंग डिजिटल केलं. ६.३५ मिलिमीटर रुंदीची फीत, आत मिनिटाला ९००० फेरे घेणारा ड्रम, आणि फितीवर तिरक्या ओढलेल्या, प्रत्येकी १० मायक्रॉन रुंदीच्या रेघा. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे एका केसाच्या जाडीत सात रेघा. तासाभराची कॅसेट संगणकावर घेतली की १३ जीबी. माझ्याकडे अशा अकरा कॅसेटी आहेत. त्या संगणकात उतरवायला जी फायरवायरची खाच लागते ती आताच्या लॅपटॉपला नसते, कॅमेऱ्याचा ड्रम कुरकुरतो, आणि तासाच्या कॅसेटला बरोबर तासभर बसावं लागतं. हल्ली कॉलेजची पोरं हौसेने जुने मिनी-डीव्ही शोधतात. घ्या, पण फायरवायर असलेला एखादा जुना संगणकही त्याच्याबरोबर शोधा.

मोबाइल असताना हँडीकॅम कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पाच मिनिटांच्या वाढदिवसाला मोबाइल उत्तम. पण शाळेच्या स्नेहसंमेलनात विसाव्या रांगेतून आपली पोर शोधायची तर भिंगं सरकवून होणारा ऑप्टिकल झूमच लागतो. डिजिटल झूम म्हणजे काढलेल्या चित्राचा तुकडा ताणणं. आणि घरात मात्र झूमपेक्षा रुंद कोन महत्त्वाचा. माजघरात भिंतीला पाठ टेकली तरी सगळे मावत नाहीत, ही तक्रार ‘एक्स’ वाढवून सुटत नाही. फोटोच्या जुन्या कॅमेऱ्यावर कीर्तन टिपणाऱ्यांना आणखी एक अनुभव आहे: २९ मिनिटं ५९ सेकंद झाले की तो आपोआप बंद पडतो. अनेक मॉडेल्समध्ये ही मर्यादा युरोपातल्या सीमाशुल्कामुळे आली. तिथे अर्धा तास सलग नोंदवणारं यंत्र ‘व्हिडिओ कॅमेरा’ ठरून जास्त कर लागे. त्याचा फटका आपल्या बुवांच्या उत्तररंगाला.

आवाजाकडे घेताना कुणीच पाहत नाही. पोळ्याला तोरणाखाली झडत्या सुरू होतात तेव्हा डफडं थांबतं आणि एकजण आवाज चढवून पहिली ओळ टाकतो. व्हिडिओत ती ओळ हमखास बुडालेली असते. कारण डफड्याच्या दणक्याने कॅमेऱ्याने स्वतःचे कान मिटून घेतलेले असतात, ते पुन्हा उघडायला त्याला क्षणभर लागतो. बाहेरचा माइक लावायची खाच आणि आवाजाची पातळी हाताने बांधायची सोय, या दोन गोष्टी असतील तर झडती पहिल्या शब्दापासून मिळते. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवर तीजेची गाणी टिपणाऱ्यांना तर चित्रापेक्षा हेच आधी लागेल.

बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठी कमाल ४० अंश सेल्सिअस छापलेलं असतं. म्हणजे आपला अख्खा मे महिना पुस्तिकेच्या बाहेर. काळा कॅमेरा उन्हातल्या गाडीत ठेवू नये, शूटिंग नसताना सावलीत ठेवावा. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. त्यासाठी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. तांदळात पुरण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नये, तांदळाची पिठी भिंगात जाते.

भाच्याने कॅमेरा परत केला नाही. दुसऱ्या वेच्याचा कापूस आला तेव्हा त्याने ‘स्नो’ लावून तीच खोली पुन्हा टिपली. तोच कोपरा, तीच पोरं, दारात तीच आजी. कापूस या खेपेला पांढराशुभ्र आला. आजी बराच वेळ टीव्हीकडे पाहत राहिली. मागच्या वेळी तिचं लक्ष कापसावरच गेलं होतं. दारातल्या उजेडापुढे ती स्वतः नुसती काळी सावली होती, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आता लुगड्याचा काठ, कपाळावरचं गोंदण, सगळं दिसत होतं.

‘‘थे दारात कोण व्हय?’’ तिने विचारलं. ‘‘मीच का?’’

तिच्या मागे अंगणात उभा असलेला ट्रॅक्टर मात्र उन्हात पार विरघळून गेला होता.