मळ्यातल्या बंद घराचं कुलूप उघडण्याआधी

यात्रा असो, उन्हाळ्याची सुट्टी असो नाहीतर भावकीतलं लग्न. पुण्या-मुंबईची मंडळी गावी येतात आणि दुपारचा चहा झाला की कुणीतरी म्हणतंच, "चला, मळ्यातलं जुनं घर बघून येऊ." आजोबा गेल्यापासून त्या घराला कुलूप. पोरं फोटो काढायला पुढं पळतात आणि दार ढकलून थेट आत शिरतात. घात होतो तो इथंच.

लातूर, धाराशिव, बीड, सोलापूर या पट्ट्यातली जुनी घरं बहुतेक माळवदाची. लाकडी खांब, त्यावर तुळई, तुळईवर आडवे सर, त्यावर फळ्या किंवा किलचा आणि सगळ्यात वर फूट-दीड फूट पांढरी माती. काही घरांत त्याहूनही जास्त. ही माती उन्हाळ्यात घर गार ठेवते, पण तिला दरवर्षी माणूस लागतो. मिरगाच्या आधी नवी माती टाकायची, चोपायची, गवत उपटायचं, पन्हळ मोकळी करायची. घर बंद पडलं की हे काम पहिलं थांबतं. मग माळवदावर गवत उगवतं, मुळांच्या वाटेनं पाणी आत उतरतं. भिजलेली माती जड होते आणि तिच्याखालचं लाकूड मात्र कुजत जातं.

यात फसवं काय, तर तुळई मधून चांगली दिसते. ती कुजते भिंतीत घुसलेल्या टोकाला, कारण ओल तिथंच धरून राहते. त्यामुळं "लाकूड सागवानी आहे, काय होत नाही" यावर जाऊ नका. आधी बाहेरून घराला एक फेरी मारा. माळवद मध्ये बसलंय का, भिंतीला पोट आलंय का, पिंपळाचं रोप कुठं फुटलंय, हे बघा. पोट आलेल्या भिंतीजवळ उभंसुद्धा राहू नका.

भिंतीला पोट का येतं, हे या भागाला वेगळं सांगायला नको खरं तर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, त्यातली बरीचशी घरातच दगड-मातीखाली गाडली गेली. जुनी जाड भिंत एकसंध नसते. आतून एक दगडी थर, बाहेरून एक, मधे नुसती माती आणि कपऱ्या. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड नसला की ते एकमेकांपासून सुटतात. भूकंपात हे क्षणात झालं. बंद घरात पावसाचं पाणी तेच काम वर्षानुवर्षं करत राहतं. किल्लारीत काही घरांच्या भिंती ढासळल्या तरी लाकडी खण उभे राहिले होते. म्हणजे खांब शाबूत असणं महत्त्वाचं. पण कुजका खांब नुसता बघून ओळखू येत नाही. त्यामुळं आत जायचंच असेल तर गावातला जाणता सुतार किंवा गवंडी सोबत घ्या. पावसाळ्यात आणि पाऊस नुकताच उघडलेला असताना तर जाऊच नका. माळवदावर चढणं कुठल्याच ऋतूत नको.

आत गेलात तर बळद, कोनाडा, पडलेली उतरंड यांत हात घालायचा नाही. उंदीर असतात तिथं साप येतो. नाग, घोणस, मण्यार, फुरसं, चारही विषारी जाती आपल्याकडं आहेत. मण्यारीचा दंश फारसा दुखतही नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. चावलंच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडं वेळ घालवायचा नाही. हात-पाय स्थिर ठेवून 108 ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्यात न्या.

अंगणात जुनं पेव असेल तर त्याचं तोंड आधी शोधून ठेवा, वरची फरशी कुजकी-फुटकी असते. पेव उघडलं म्हणून लगेच आत कुणी उतरू नये. बंद पेवात हवा खराब झालेली असते, माणूस दोन मिनिटांत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो.

आता कागदाचं. घर एका पावसात पडत नाही, आणि नावही एका दिवसात जात नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला आजोबांचं नाव आहे, घरपट्टी भरतोय, म्हणजे घर आपलं, असं पुष्कळजण धरून चालतात. नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणातल्या घरांना स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते. पण मळ्यातलं घर गावठाणाबाहेर असतं. तिथं जमीन ज्याची, त्याचा सातबारा बघायचा. महाभूलेखवर तो मोबाईलवर फुकट दिसतो, डिजिटल सहीचा हवा असेल तर 15 रुपये लागतात.

सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर वारस नोंद राहिलेली आहे. मृत्यू दाखला आणि सगळ्या वारसांची माहिती देऊन तलाठ्याकडं, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं, अर्ज करायचा. ई-हक्क प्रणालीवर घरबसल्याही करता येतो. सगळ्या वारसांची म्हणजे आत्या आणि बहिणींचीही. 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. "तिनं कधी मागितलं नाही" म्हणून तिचं नाव गाळता येत नाही. तिला खरंच सोडायचं असेल तर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं, साध्या कागदावरची सही चालत नाही.

खरा धोका वेगळाच आहे. गावात राहिलेला एखादा भाऊबंद निम्म्या वारसांची नावं देऊन अर्ज करतो. नोटीस चावडीवर लागते, हरकतीला 15 दिवस असतात आणि शहरातल्यांना पत्ताच नसतो. ही नोटीस आता महाभूमीच्या संकेतस्थळावर 'आपली चावडी'त दिसते. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की चालू फेरफार समोर येतात. महिन्यातून दोनदा बघायला काय जातंय! हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. नोंद मंजूर होऊन गेली असेल तर प्रांत कार्यालयात 60 दिवसांच्या आत अपील करता येतं.

आणि "बारा वर्षं राहिला की घर त्याचं" हे पारावरचं वाक्य भावकीला जसंच्या तसं लागू होत नाही. सहहिस्सेदार नुसता राहतोय म्हणून बाकीच्यांचा हिस्सा बुडत नाही. पण त्यानं उघडपणे तुमचा हक्क नाकारला असेल तर गप्प बसू नका, वकिलाला विचारा.

निघण्याआधी घराचे चारी बाजूंनी फोटो घ्या, तारीख दिसेल असे. पन्हळीत अडकलेला पाला जमिनीवरून लांब काठीनं निघत असेल तर तेवढा काढा. माळवदाला भगदाड असेल तर ताडपत्री टाकायचं काम गवंड्याला सांगा. किल्ली कुणाकडं ठेवली ते भावंडांच्या ग्रुपवर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या यात्रेला कुलूप तोडायची वेळ येणार नाही.