युरोपचा अल्पमुदतीचा व्हिसा : एकाच प्रवासात व्यापार आणि पर्यटन

नागफणीच्या सुळक्याजवळ वसलेले मावळातील कुरवंडे हे गाव पूर्वीपासून घाटवाटेसाठी प्रसिद्ध आहे. १६६१ साली याच घाटाने कारतलबखानाची फौज कोकणात उतरली आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या सैन्याने तिची कोंडी केली. अनोळखी मुलखात शिरण्यापूर्वी वाट पारखावी, हा धडा परदेशप्रवासालाही लागू पडतो.

मावळातील हरितगृहांत फुललेले गुलाब आज युरोपच्या बाजारपेठेत जातात. एखादा उत्पादक खरेदीदारांच्या भेटीसाठी तिकडे निघाला, तर कामानंतर चार दिवस देश पाहावा, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. त्यासाठी दोन व्हिसा लागत नाहीत. शेंगेन क्षेत्रातील २९ देशांसाठी एकच अल्पमुदतीचा व्हिसा मिळतो. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. ब्रिटन व आयर्लंड मात्र या क्षेत्राबाहेर आहेत.

अर्ज कोणाकडे करावा?

समजा, नेदरलँड्समध्ये पाच दिवस व्यापारी भेटी आणि नंतर फ्रान्समध्ये तीन दिवस पर्यटन असा बेत आहे. येथे मुख्य हेतू व मुक्काम दोन्ही नेदरलँड्समध्ये असल्याने अर्ज त्या देशाकडेच करावा लागतो. मुख्य देश ठरत नसेल, तर प्रथम प्रवेश होणाऱ्या देशाकडे अर्ज करावा.

दोन्ही हेतू नमूद करावेत

अर्जात व्यापार व पर्यटन या दोहोंचा स्पष्ट उल्लेख असावा. निमंत्रणपत्र पाच दिवसांचे आणि परतीचे तिकीट नवव्या दिवसाचे असेल, तर मधल्या दिवसांचा हिशेब दिनक्रम व निवासाच्या आरक्षणातून मिळाला पाहिजे. प्रवासाचा हेतू पटला नाही, तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. अशा वेळी शुल्क परत मिळत नाही आणि ठरलेल्या भेटींची संधीही हुकते. नकाराची कारणे मात्र लेखी कळविली जातात व त्याविरुद्ध अपील करता येते.

आवश्यक कागदपत्रे

पारपत्र दहा वर्षांच्या आत दिलेले, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेले हवे. प्रवासविमा किमान ३० हजार युरोंचा असावा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो असून सेवाकेंद्राचा आकार वेगळा पडतो. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांच्या आत आणि किमान १५ दिवस आधी द्यावा. निर्णयास साधारणतः १५ दिवस, तर काही प्रकरणी ४५ दिवसही लागतात.

शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरमुक्त असल्याने केवळ करविवरणावरून शेतकऱ्याची ऐपत दिसत नाही. बँकेचा खातेउतारा, विक्रीच्या पावत्या आणि सात-बारा उतारा यांमुळे ती सिद्ध होते व गावाशी असलेले नातेही दिसते. मराठी कागदपत्रांचे भाषांतर जोडावे. शिक्षक व शासकीय कर्मचाऱ्यांनी रजामंजुरी आणि ना-हरकत प्रमाणपत्र वेळीच मिळवावे.

गावातील अर्जदार बहुधा प्रथम सरपंच, शिक्षक किंवा ग्रामसेवक यांचाच सल्ला घेतो. खरा हेतू लपवू नये आणि सर्व कागदांतील तारखा जुळतात की नाही हे पाहावे, एवढे त्यांनी सांगितले तरी पुष्कळांचा खर्च व मनस्ताप टळेल.