४८० फोटोंत चिऊताईचं घर

आमचा सहा वर्षांचा भाचा मराठी समजतो, पण उत्तर गुजरातीत देतो. वडोद्यातल्या बऱ्याच घरांत हेच चित्र दिसेल. आजीची चिऊ-काऊची गोष्ट त्याच्या तोंडून मराठीत यावी, म्हणून या मे महिन्यात आम्ही दोघं स्टॉप मोशन फिल्म करायला शिकलो.

यात वस्तू जराशी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. ते फोटो भराभर दाखवले की वस्तू आपोआप चालू लागते. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. घरी १२ पुरतात. म्हणजे ४० सेकंदांच्या गोष्टीला ४८० फोटो!

साहित्य साधंच: मोबाइल, स्टँड, टेबल लॅम्प आणि रंगीत क्ले. मोबाइल घट्ट बसवा. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर चित्र लुकलुकतं. पडदे ओढून घ्या. ऊन सरकलं की सावल्याही सरकतात. स्टॉप मोशनच्या अ‍ॅपमध्ये आधीचा फोटो पुसट दिसतो, त्यावरून चिऊ किती सरकवायची ते कळतं. निघताना आणि थांबताना तिला थोडंच सरकवा, मध्ये जास्त. मग चाल खरी वाटते.

सगळ्यात मजा आली काऊचं शेणाचं घर वाहून जाताना. दर फोटोला क्लेचा एकेक कण चिमटीने काढायचा, बस्स!

ही कला आपल्याला परकी नाही. वडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याचं रोज थोडं थोडं चित्रण करून रोप वाढताना दाखवलं. ‘राजा हरिश्चंद्र’ आला त्यानंतर, १९१३ मध्ये. पुढे त्यांनी आगकाड्याही पडद्यावर नाचवल्या.

संवाद मात्र फोटोंच्या आधी रेकॉर्ड करा, म्हणजे प्रत्येक वाक्याला किती फोटो लागतील ते मोजता येतं. आमची आजी ८२ वर्षांची. तिला दम लागतो, म्हणून एकेक वाक्य वेगळं घेतलं. काऊ झाला भाचा. शेणाला ‘छाण’ म्हणणाऱ्या त्याला आजीने चार वेळा ‘शेण’ म्हणायला लावलं. आता तो सगळी गोष्ट मराठीत सांगतो, आणि आजी चुकली तर तिलाच टोकतो!

तुमच्याही घरात अशी एखादी गोष्ट असेल. आजी-आजोबांचा आवाज आजच रेकॉर्ड करून ठेवा. क्ले काय, दुकानात कधीही मिळेल.