गस्तीवरची ‘सुमित्रा’

‘आयएनएस सुमित्रा’ ही भारतीय नौदलाची दूरसागरी गस्तनौका. ती वास्को येथील गोवा शिपयार्डमध्ये बांधली गेली आणि ४ सप्टेंबर २०१४ रोजी चेन्नईत नौदलात दाखल झाली. ‘शरयू’, ‘सुनयना’ आणि ‘सुमेधा’ यांच्यामागून आलेली ही त्याच वर्गातली चौथी व शेवटची नौका. लांबी १०५ मीटर, वजन सुमारे २२०० टन. पुढच्या डेकवर ७६ मिलिमीटरची तोफ, जवळच्या माऱ्यासाठी दोन जलदगती तोफा आणि मागे हेलिकॉप्टरसाठी मोकळी जागा. क्षेपणास्त्रे नाहीत, पाणतीर नाहीत. युद्धनौकांच्या रांगेत ती म्हणूनच साधी दिसते.

गस्तीचे काम मारा करण्याचे कमी आणि समुद्रावर हजर राहण्याचे जास्त असते. भारताचे अनन्य आर्थिक क्षेत्र २० लाख चौरस किलोमीटरहून मोठे आहे. तिथली वाहतूक न्याहाळणे, संशयास्पद जहाज थांबवणे आणि छोट्या बोटीतून पथक पाठवून त्याची झडती घेणे हा या नौकेचा नित्यक्रम. अशा कामाला विनाशिका गुंतवणे परवडत नाही.

या कामाचे सारे गणित डिझेल इंजिनांवर बेतलेले आहे. दोन इंजिने नौकेला २५ नॉटपर्यंत पळवतात. १६ नॉटने मात्र ती इंधन न भरता सुमारे ६००० सागरी मैल कापू शकते, म्हणजे सलग पंधरा दिवसांहून अधिक चाल. वेग वाढला की लागणारी शक्ती साधारण त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १६ वरून २५ नॉटवर जायचे तर शक्ती जवळजवळ चौपट लागते आणि मैलामागे इंधन अडीच पटीच्या आसपास जळते. त्यामुळे गस्त संथ चालीने होते. पाठलाग आला तरच इंजिने पूर्ण जोर लावतात.

मार्च २०१५ मध्ये ‘सुमित्रा’ चाचेगिरीविरोधी गस्तीवर असताना तिला युद्धग्रस्त येमेनकडे वळवण्यात आले. ३१ मार्चला एडन बंदरातून तिने ३४९ भारतीयांना घेतले, त्यांत १०१ स्त्रिया आणि २८ मुले होती. शंभराहून थोड्या अधिक माणसांसाठी आखलेल्या नौकेने ही सारी माणसे जिबूतीला सुखरूप पोहोचवली. जानेवारी २०२४ मध्ये सोमालियाच्या पूर्वेला तिने चाच्यांच्या ताब्यातून ‘इमान’ या मासेमारी नौकेवरचे १७ इराणी खलाशी सोडवले. लगोलग ‘अल नईमी’वरचे १९ पाकिस्तानी खलाशीही. दोन्ही कामे ३६ तासांत झाली. याच नौकेतून २०१६ आणि २०२२ मध्ये राष्ट्रपतींनी विशाखापट्टणमला ताफ्याची पाहणी केली.

अशा नौकेची झीज लढाईपेक्षा रोजच्या चालीने होते. डिझेल इंजिन दीर्घकाळ कमी भारावर चालले की इंधन पुरते जळत नाही. काजळी झडपांवर आणि टर्बोचार्जरमध्ये साचते. म्हणजे पल्ला वाढवणारी संथ चालच इंजिनाला बाधते. त्यावर उपाय म्हणून अधूनमधून भार वाढवून काजळी जाळून काढावी लागते. उष्ण कटिबंधातल्या पाण्यात बुडालेल्या भागावर शेवाळ आणि शिंपले लवकर धरतात, तळ खरखरीत होतो आणि त्याच वेगाला जास्त इंधन लागू लागते. वरच्या भागाला खारे वारे गंजवतात. म्हणून ठरावीक मुदतीने नौका सुक्या गोदीत चढवून तळ खरवडावा, रंगवावा लागतो. झिजलेले पत्रे, झडपा आणि पाण्याचे पाइप बदलावे लागतात.

अडचण अशी की गोदीतल्या दिवसांत तिच्या वाट्याची गस्त दुसऱ्या नौकेवर पडते. नौका मोजक्या असल्या की त्या दुसरीचीही दुरुस्ती पुढे ढकलण्याचा मोह होतो आणि लांबलेले काम पुढे अधिक दिवस खाते. मार्च २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ११ नव्या गस्तनौकांचे करार केले. त्यांपैकी सात गोवा शिपयार्डकडे आणि चार कोलकात्याच्या गार्डन रीचकडे आहेत. गस्तीचा भार अधिक नौकांवर वाटला गेला, तर जुन्या नौकांना गोदीत वेळेवर जाता येईल.