झाड कुठे उभं आहे? गिरीजच्या आसपासची झाडं आणि त्यांचे कायदे

आजचा प्रश्न ऐकायला सोपा आहे: झाड तोडायची परवानगी कोण देतं? पण वसईत, म्हणजे अगदी गिरीजमध्ये उभं राहून विचारलंत, तर उत्तर एक नाही, तीन आहेत. झाड कुठे आहे, त्यावर कायदा ठरतो.

पहिलं, पूर्वेचा डोंगर. तुंगारेश्वर 2003 पासून अभयारण्य आहे, साधारण 85 चौरस किलोमीटरचं. इथे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो, आणि 1980 चा वन संवर्धन कायदाही. हा दुसरा म्हणतो, वनजमीन इतर कामाला वापरायची तर आधी केंद्र सरकारची मंजुरी घ्या. मग वन म्हणजे नेमकं काय? 12 डिसेंबर 1996 ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: मालक कोणीही असो, शब्दकोशाच्या अर्थाने जे जंगल, ते वन. 2023 च्या दुरुस्तीने ही व्याप्ती कमी झाली. पण फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने तूर्तास 1996 चाच अर्थ धरायला सांगितलं.

दुसरं, खाडीकाठची तिवरं. भरतीचं पाणी आणि किनाऱ्याची धूप ती अडवतात. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनं तोडायला बंदी घातली, भोवतीचा 50 मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. सार्वजनिक हिताचं काम असेल, तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. बुलेट ट्रेनला ती डिसेंबर 2022 मध्ये मिळाली. आधी 50 हजारांहून जास्त तिवरं जाणार होती, तो आकडा सुमारे 22 हजारांवर आला. म्हणजे कायद्याने काम थांबलं नाही, पण निम्म्याहून जास्त झाडं वाचली.

तिसरं, आपल्या वाडीतलं किंवा रस्त्यावरचं झाड. शहरी भागात 1975 चा महाराष्ट्राचा झाडं जतन कायदा लागतो, आणि परवानगी महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण देतं. झाड स्वतःच्या जागेत असलं तरी! केळ यात मोडत नाही, कारण तिचं खोड लाकडी नसतं. आंबा, चिंच, जांभूळ मात्र मोडतात. 2021 च्या दुरुस्तीनुसार 50 वर्षांहून जुनं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं. ते तोडलं तर जितकं त्याचं वय, तितकी रोपं लावावी लागतात. आता सांगा, 60 रोपं आजच्या आज 60 वर्षांच्या चिंचेइतकी सावली देतील का?

म्हणून खरी संधी असते ती झाड पडण्याआधी. अर्ज आला की वर्तमानपत्रात जाहिरात येते आणि झाडावरच नोटीस लावतात. ती दिसली की फोटो काढा, मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नोटीसच नसेल आणि करवत चालू असेल, तर महापालिकेच्या उद्यान विभागाला लगेच कळवा.

वसईला हे नवीन नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या 'हरित वसई'च्या लढ्यात गावंच्या गावं उतरली होती. तेव्हा मोबाइल नव्हते. आपल्या खिशात तर कॅमेरा आहे.

तुमच्या गल्लीतलं सगळ्यात जुनं झाड कोणतं? कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!